पुढे झुकून ऐकावं

प्रिय चिवट,

तुझं पत्र मिळून महिना झाला. शिपायाने ते टेबलावर ठेवलं तेव्हा पाकीट उलटं होतं, तरी मी ओळखलं. डिंकाच्या पट्टीवर तू अजूनही आडवी सही करतेस, मधे कुणी उघडलं तर कळावं म्हणून. तुझ्या पत्रात उघडून बघण्यासारखं असतं तरी काय, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. आत तेच बारीक अक्षर, तोच सारखा समास, खाडाखोड नाही. मुद्रितशोधनाची नोकरी तुझ्या अंगात पार मुरली आहे. आणि आभार चार वेळा मानलेस. मी मोजले. सुरुवातीला दोनदा, मधे एकदा, आणि सही करून झाल्यावर ता.क. लिहून त्यात पुन्हा एकदा. आभार मानण्यालाही काही सुमार असतो, बाई.

मागणं काय, तर लेकीला हाताशी धर. तिचा प्रबंध आमच्याच विद्यापीठात पुरा झालाय, आता नोकरीसाठी अर्ज करायचेत, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात तुझे सगळे दोष उतरलेत: हळू बोलते, वाद घालते, कुणी सांगितलेलं सरळ मान्य करत नाही. 'माझ्या बाबतीत तू एवढे कष्ट घेतलेस पण मातीच वाईट होती, हिला तरी वेळेत वळण लाव.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग पत्र खणात टाकलं आणि कार्यशाळेला गेले. विषय होता 'अर्जातून स्वतःला कसं मांडावं'. पासष्ट पोरं आली होती, काही भिंतीला टेकून उभी होती. मी चांगली बोलले. मी नेहमीच चांगली बोलते, ते तुला माहीत आहे.

वसतिगृहातली आपली खोली आता राहिलेली नाही, तुला कळलं असेल. तो मजला पाडून तिथे कॉम्प्युटरची मोठी खोली केली आहे. परवा मी मुद्दाम जाऊन आले. खिडकी तेवढी तीच आहे, तिच्यापाशी एक मुलगा कानात बोळे घालून बसला होता. त्याच जागी आपलं एकुलतं एक टेबल होतं आणि त्याच्यावरून आपण चार वर्षं भांडलो. रेक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात आपलं बारसं करून टाकलं: मी तोंड उघडलं की बंद करत नाही म्हणून रेडिओ, आणि तू एकदा धरलेलं सोडत नाहीस म्हणून चिवट. जेवणाच्या रांगेत तू ताट पुढे करून काहीतरी मागायचीस आणि वाढणारी बाई म्हणायची, अगं बोल की मोठ्याने, तोंडात मूग धरलेत का. मग मी मागून ओरडून तुझ्यासाठी मागायचे. तेव्हा मला त्याचं बरं वाटायचं. माझ्याशिवाय तुला साधी आमटीसुद्धा मिळत नाही, असं मी आईला लिहिलं होतं.

आपल्या प्रबंधांची तुला आठवण आहे ना? माझा विषय आपल्या गाइडने, सरांनी दिला, शाळांच्या जुन्या छापील तक्त्यांचा. आकडे वहीत उतरवायचे, बेरजा करायच्या, त्यावर चार वाक्यं लिहायची. मला तो आवडायचा, कारण तो संपणार आहे हे दिसत होतं. तुझा विषय तुझा तूच शोधलास. शंभर वर्षं जुन्या इस्पितळाच्या तळघरात स्वयंपाकघराच्या वह्या पडल्या होत्या. कोणत्या पेशंटला काय खायला द्यावं हे डॉक्टरांनी लिहिलेलं एका वहीत, आणि प्रत्यक्षात काय दिलं ते दुसऱ्या वहीत. दोन्ही शेजारी ठेवून बघावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तू दोन वर्षं त्या तळघरात जाऊन बसलीस. परत यायचीस तेव्हा अंगाला कुबट वास, नाक गळतंय, आणि चेहरा असा की जणू कुणाच्या लग्नाला जाऊन आलीस. सर म्हणायचे, यातून काही निघणार नाही. तू तुझ्या त्या बारीक आवाजात म्हणायचीस, निघेल. मी बाजूला बसून बेरजा करत असायचे. मला तुझा हेवा वाटायचा असं मी तेव्हा कबूल केलं नसतं. आज करते.

मग शिफारसपत्रं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं, पण तुला आठवेल. विद्यापीठाच्या नोकरी-मार्गदर्शन केंद्रात प्रत्येक विद्यार्थ्याची एक हिरवी फाइल, तिच्यात गाइडचं पत्र सगळ्यात वर, आणि विद्यार्थ्याने ते कधीही बघायचं नाही. तशी सही करून द्यायची: पत्रं पाहण्याचा हक्क मी सोडत आहे. तू ती सही कारकुनाच्या ओळीवर केलीस, आणि फॉर्म पुन्हा भरावा लागला. त्या फॉर्मवरून मी तुला आठवडाभर छळलं. पुढे जिथे जिथे अर्ज करू तिथे केंद्रच त्या पत्राची प्रत परस्पर पाठवणार. आणि आपले सर म्हणजे तऱ्हेवाईक. पत्रात उमेदवाराचं नाव घालायचंच नाही, नुसतं 'उमेदवार'. नाव वाचलं की लोक आडनाव बघतात, कामाकडे बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नाव फक्त पाकिटाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. आपल्या दोघींची पत्रं त्यांनी एकाच दुपारी लिहिली आणि एकाच शिपायाबरोबर पाठवली.

त्याच सुमारास केंद्रातच साहाय्यकाची जागा निघाली आणि मी मुलाखत दिली. ती हकिगत मी तुला खाटेवर मांडी घालून सांगितली होती, आणि आपण पोट दुखेपर्यंत हसलो होतो. समितीतले एक म्हातारे गृहस्थ मी तोंड उघडायच्या आधीच टेबलावर पुढे झुकले, कानामागे हात धरून. म्हणाले, बोला, हळू बोललात तरी चालेल. माझा आवाज तर बाहेरच्या व्हरांड्यात जात होता. मला वाटलं म्हातारा ठार बहिरा आहे, म्हणून मी आणखी ओरडले. मग त्यांनी विचारलं, तळघरात फार गारठा असेल ना हो? मला वाटलं वसतिगृहाच्या वाचनालयाबद्दल विचारतात, ते तळघरातच होतं. म्हटलं, फार गारठा, पण सवय होते. त्यांनी कौतुकाने मान हलवली आणि मला नोकरी मिळाली. तू तेव्हा म्हणालीस, बघ, तुझी वरपर्यंत ओळख दिसते. मीही हसले. तोपर्यंत मला खरंच काही माहीत नव्हतं, एवढं तरी माझं खरं मान.

नंतरची सहा वर्षं तुला सांगायला नकोत, ती तुझीच आहेत. एकेचाळीस अर्ज. जावक रजिस्टरमध्ये एकेचाळीस नोंदी, सगळ्या माझ्या हातच्या. एकेचाळीस ठिकाणी तुझी फाइल गेली आणि चाळीस ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नाही. दर वेळी तू केंद्रात येऊन त्या लाकडी बाकावर बसायचीस आणि विचारायचीस, माझं काय चुकतंय गं? आणि मी सांगायचे. ते माझं कामच होतं, आणि मला ते येत होतं. पहिल्या वर्षी म्हटलं, तुझ्या अर्जात 'मला वाटतं' फार वेळा येतं, काढून टाक. तू काढलंस. दुसऱ्या वर्षी म्हटलं, इस्पितळातल्या पेज-भाताची वही कुणाला हवी आहे, विषय मोठा दिसला पाहिजे. तू प्रबंधाचा सारांश पुन्हा लिहिलास, त्यातून पेशंट गेले, स्वयंपाकी गेले, नुसती धोरणं उरली. तिसऱ्या वर्षी तू लेकीला कडेवर घेऊन आलीस. ती माझ्या मांडीवर झोपली आणि तू नवीन अर्ज भरलास. चौथ्या वर्षी मी तुझ्या आवाजाला हात घातला. पाठीमागच्या रिकाम्या वर्गात तुला फळ्याशी उभं केलं, मी शेवटच्या बाकावर बसले आणि ऐकू आलं नाही की डस्टर आपटायचे. तू रडवेली व्हायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. महिनाभर घशाला औषध लावत होतीस. त्यानंतर तुझा मूळ आवाज मी ऐकलेला नाही. भावोजी एकदा मला म्हणाले होते, ही घरात आमच्याशीही भाषण दिल्यासारखी बोलायला लागली आहे. मी म्हटलं, सवय व्हायला हवी ना.

त्यात एकदा, पाचव्या वर्षी, तू सरांकडे गेलीस. निवृत्त होऊन ते घरी बसले होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तू त्यांना स्पष्ट विचारलंस, सर, पत्र तुम्ही बरं लिहिलंय ना? ते म्हणाले, तुझ्याइतकं चांगलं पत्र मी जन्मात कुणाचं लिहिलेलं नाही. तू तडक माझ्याकडे आलीस. त्या दिवशी तू माझ्या टेबलाशी उभी राहिलीस आणि बसलीच नाहीस. म्हणालीस, फाइल एकदा बघतेस का, काही घोटाळा तर नाही? मी हसले आणि म्हटलं, सगळे गाइड असंच म्हणतात गं, म्हातारा माणूस, समोरासमोर वाईट कसं बोलेल. तू मान खाली घातलीस. जाताना म्हणालीस, मग माझ्यातच काहीतरी कमी असणार. मी तुला नाही म्हटलं नाही. दुपारचा चहा आला होता, तो प्यायले.

बोलावणं एकदाच आलं, त्या डोंगराकडच्या लहान कॉलेजातून. तुझा जुना लेख तिथे कुणीतरी वाचला होता. आपण तीन आठवडे सराव केला. तू गेलीस, मी शिकवल्याप्रमाणे खणखणीत बोललीस, एकदाही 'मला वाटतं' म्हणाली नाहीस, आणि त्यांनी तुला घेतलं नाही. तिथल्या विभागप्रमुख बाई पुढे एका बैठकीत मला भेटल्या. म्हणाल्या, लेख वाचून वाटलं होतं कुणीतरी वेगळी असेल; पण गाइडने लिहिलं होतं ते बरोबरच निघालं, नुसतं पाठ केलेलं बोलत होती. मी तुला यातलं काहीच सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तू पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात लागलीस, आणि मला पेढ्यांऐवजी पेनांचा संच आणून दिलास, कारण अर्ज भरताना माझी पेनं तू फार वापरलीस म्हणे. त्यातलं निळं अजून चालतं, हे पत्र त्यानेच लिहिते आहे. इस्पितळांच्या जेवणाच्या वह्यांवर आठ वर्षांपूर्वी कुणा परक्याचं जाडजूड पुस्तक आलं, त्याला दोन बक्षिसं मिळाली. केंद्राच्या दर्शनी रॅकमध्ये ते मीच लावलं आहे, खाली चिठ्ठीसकट: 'चांगला संशोधन-प्रश्न कसा असतो'.

आता कपाटांची बातमी. कागदी फायली जाणार. पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या यंत्रात घालून बारीक करायच्या आणि केंद्रप्रमुखाने यादीवर सही करायची. केंद्रप्रमुख मीच. माणसं येऊन गठ्ठे बांधत होती आणि मी दोन फायली काढून पिशवीत घातल्या. एक तुझी, एक माझी. त्यांत काय आहे हे मला बघायची गरज नव्हती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, कारकून जेवायला गेलेला असताना, मी माझी फाइल उघडली होती. कोण उघडणार नाही? सरांचं पत्र वर होतं. 'उमेदवार माझ्याशी भांडते आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.' मी सरांशी कधीच भांडले नव्हते, तरी वाचून छाती फुगली. 'दोन वर्षं तळघरात बसून तिने जो प्रश्न उभा केला, तो मला सुचला नसता.' इथे मी खाली बसले. 'उमेदवाराचा आवाज लहान आहे. समितीने थोडं पुढे झुकून ऐकावं. ऐकण्यासारखं आहे.' मग मी तुझी फाइल उघडली. 'उमेदवार नियमित आहे. नेमून दिलेलं काम वेळेवर करते. विषय मी सुचवला आणि तो तिने स्वीकारला. स्वतंत्र प्रश्न उभा करण्याची तिची तयारी मला दिसलेली नाही.' तुला समजलं ना? त्या कारकुनाने दोन्ही पाकिटं एकदम फोडली, पाकिटं टोपलीत टाकली, आणि बिननावाचे दोन कागद उलटसुलट लावले. तुझं पत्र माझ्या फाइलीत आलं, माझं तुझ्या. तुझ्या नावावर एकेचाळीस ठिकाणी गेलं ते माझं वर्णन होतं.

कागद काढून अदलाबदल करायला एक मिनिट पुरलं असतं. तुझा पहिला अर्ज जायला तेव्हा नऊ दिवस होते. मी घाबरले, ही पहिली गोष्ट. ज्या पत्रावर मला नोकरी लागली ते माझं नाही हे उघड झालं तर काढून टाकतील, असं वाटलं. पण खरं सांगायचं तर भीती पहिल्या दोन-तीन अर्जांपुरतीच होती. पुढे ती गेली आणि तरी मी प्रती पाठवत राहिले. दर वेळी तू बाकावर येऊन बसायचीस, माझं काय चुकतंय म्हणून विचारायचीस, आणि सरांनी जिच्यात भांडायची हिंमत आहे असं लिहिलं होतं ती बाई मी सांगेन ते वहीत उतरवून घ्यायची. मला त्याची चटक लागली. याहून सभ्य शब्द मी दोन दिवस शोधला, मिळाला नाही. आणि गंमत ऐक. माझ्या खऱ्या पत्राचं शेवटचं वाक्य असं आहे: 'मात्र कार्यालयीन कामात उमेदवार अत्यंत उपयोगी पडेल.' म्हणजे ही नोकरी मला माझ्या पत्रावरसुद्धा लागली असती. तुझं घ्यायची काही गरजच नव्हती.

तू म्हणशील, मग आज का? माफी मागते आहे असं समजू नकोस. माफी मागायची असती तर सर जिवंत होते तेव्हा मागितली असती, किंवा तू तिसाव्या अर्जाच्या वेळी माझ्या टेबलावर डोकं ठेवून झोपलीस तेव्हा. हे दोन कागद घेऊन तू कुलगुरूंकडे गेलीस तर निवृत्तीला दोन वर्षं असताना माझी नोकरी जाईल. पण तू जाणार नाहीस. तू मला फोनसुद्धा करणार नाहीस, दाराला कडी लावून बसशील आणि माझंच कुठेतरी चुकलं असेल म्हणशील. तुला तशी मीच केली आहे. रागावायला तरी शीक आता, छपन्न वर्षांची झालीस.

तुझी लेक तीन आठवड्यांपूर्वी आली. दार लोटून सरळ आत आली आणि मावशी म्हणून बसली, त्याच बाकावर, मी अजून तो बदललेला नाही. कामाविषयी बोलायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की मी टेबलावर पुढे झुकले आहे. कुणी सांगितलं नव्हतं. तिचा आवाज ऐकायला मला झुकावं लागलं, तोच आवाज, जेवणाच्या रांगेतला. मी तिच्या प्रबंधात एक चूक काढली तर म्हणाली, मावशी, नाही, तुझंच चुकतंय, आणि कागद फिरवून दाखवलं. तिचंच बरोबर होतं. मग चहा पिताना ती तुझ्याबद्दल बोलली. ती तुझ्या बाजूने बोललेली नाही, हे तू ऐकून ठेव. म्हणाली, आईला तू किती मदत केलीस, पण आईत धमकच नाही. कुणी काही सांगितलं की हो म्हणते. स्वतःचं म्हणून तिला काही सुचतच नाही. मला लहानपणापासून तुझ्यासारखं व्हायचं होतं. आणि मी काय केलं? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव.

आता हे पत्र लिहायला घेतलं त्याचं कारण. तुझ्या लेकीने ज्या जागेसाठी अर्ज केला आहे ती चांगली आहे, अशी जागा दहा वर्षांत एकदा निघते. फाइल आता कॉम्प्युटरवर असते, पण रीत तीच: तिनेही हक्क सोडल्याची सही केली आहे, फक्त आता गाइडच्याऐवजी केंद्रप्रमुखाचं पत्र सगळ्यात वर लागतं. परवा दुपारी मी ते लिहायला बसले. तिच्याबद्दल चांगलंच लिहायचं असं ठरवून बसले होते, शपथेवर सांगते. हाताने लिहिलं: उमेदवार नियमित आहे, नेमून दिलेलं काम वेळेवर करते. पुढचं आता तुलाही माहीत आहे. शेवटपर्यंत लिहिलं, सही केली, शिक्का मारला, स्कॅन करून फाइलीत लावलं. फाइल वीस तारखेला जाते, आज बारा आहे. ते पत्र मी काढू शकते, एक मिनिटाचं काम आहे, पण ते माझ्याने होणार नाही. अठ्ठावीस वर्षांत झालं नाही. फाइल मागे घेते असं विद्यार्थिनीने लेखी दिलं तर मात्र ती माझ्या हातून निघून थेट तिच्या विभागाकडे जाते आणि केंद्राचं पत्र गळतं. का मागे घ्यायची हे तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही, कारण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते तसं आजवर कुणी बघितलेलं नाही, आणि ती नजर बदलताना मला समोर बसायचं नाही. नुसतं तुझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसणार नाही, म्हणून सरांची दोन्ही पत्रं पाठवते आहे, मूळ कागद. तुझं आधी वाच. मोठ्याने वाचू नकोस, तुला जमत असेल तर जुन्या आवाजात वाच. खाली फाइल मागे घेण्याचा फॉर्म आहे. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलने फुली मारली आहे, कारण हक्क सोडल्याची सही तिनेही कारकुनाच्या ओळीवर केली होती.

तुझीच,
रेडिओ